गाडी सरळ धरायला एक माणूस

दाजी, काल तुमच्या गाडीचं ऑइल काढलं.

बाकी काही सांगायच्या आधी हे सांगतो, कारण तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलं असतं. अभ्यास कसा चाललाय, मेसचं जेवण बरं आहे का, असलं तुम्ही कधी विचारलं नाही. भोकरच्या बसस्टँडवर मला घ्यायला यायचात आणि मी पिशवी सांभाळत मागे नीट बसायच्या आतच तुमचं सुरू व्हायचं, आवाज ऐक बरं, आज इंजिन जरा जड वाटून राहिलं, तुला काय वाटतं. मला काहीच वाटायचं नाही. तरी मी थोडा वेळ कान देऊन ऐकायचो आणि हाव म्हणायचो. तेवढ्यानं तुम्हाला बरं वाटायचं.

उद्या तुम्हाला जाऊन महिना होईल. लोक अजून येतात. अंगणात चादर टाकून ठेवलेली गाडी बघतात आणि हळूच विचारतात, गाडीवरून पडले का? ताई नाही म्हणते. मग त्यांना थोडं आश्चर्य वाटतं. माणूस तीन दिवसांच्या दुखण्यानं गेला आणि गाडीला एक ओरखडाही नाही, हे त्यांना जुळत नाही. मलाही जुळत नाही.

लांबच लांब, बसकी गाडी. पाय पुढे टाकून आणि हात रुंद करून बसायची. अशा मोटारसायकलला क्रूझर म्हणतात, पण भोकरमध्ये क्रूझर म्हटलं की माणसांना प्रवासी जीपच आठवते, म्हणून तुम्ही तिला ‘लांब गाडी’ म्हणायचात. नांदेडच्या कुणाकडून तरी जुनी घेतली होती. मोटार वायंडिंगच्या दुकानातून दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळून घरी आलात की संध्याकाळी फडकं घेऊन तिच्याजवळ बसायचात. ताई म्हणायची, माझ्याकडं एवढं बघितलं असतं तर. तुम्ही म्हणायचात, तू पुसू दे की मग. ताई लाजून आत जायची, आणि मी मेव्हणा असून तिथं उगाच उभा असायचो, कुठं बघावं ते न कळून.

आता ताई म्हणते, गाडी तू लातूरला ने. इथं उभी राहून सडंल. मी तीन दिवस हो-नाही काहीच म्हटलं नाही. तिला वाटलं, मला गाडी नको आहे. तसं नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि भीती कशाची ते तिला सांगता येत नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगतो.

तुमच्या गाडीला डबल स्टँड नाही. फक्त साइड स्टँड. स्टँडवर ती डावीकडे कलते, आणि ऑइल बघायची काच उजव्या बाजूला, खाली, इंजिनच्या पोटाशी. गाडी कलली की ऑइल डावीकडे सरकतं आणि काच रिकामी दिसते. रिकामी दिसली की माणूस आणखी ओततो. म्हणून काच बघायची तर गाडी सरळ पाहिजे, आणि गाडी सरळ धरायला एक माणूस पाहिजे. एकानं वर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे आणि दुसऱ्यानं खाली पोत्यावर आडवं होऊन काच बघायची. हे काम एकट्याचं नाही. शेवटच्या वेळी तुम्ही ऑइल बदललंत तेव्हा मी आलो नव्हतो. मग काच कोणी बघितली, गाडी कोणी धरली, की तुम्ही तशीच कललेल्या गाडीत भसाभसा ओतलंत, हा प्रश्न तुम्ही गेल्या दिवसापासून माझ्या डोक्यात आहे. रडायच्या वेळी सुद्धा होता. एवढ्या मोठ्या गोष्टीत एवढी लहान गोष्ट कशी आठवते, याची मला लाज वाटली. पण आठवत होती.

तुम्हाला तो पहिला वाद आठवत असेल. मी तेव्हा नीटच्या परीक्षेत दुसऱ्यांदा कमी पडलो होतो. दोन वर्षं लातूरला क्लास, खोली, मेस, आणि शेवटी हातात काही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे नापास म्हणजे नेमकं किती नापास, हेही कुणाला कळत नव्हतं. अण्णा बिलोलीकडच्या आमच्या गावात पारावर बसायचे बंद झाले. मी खोलीतून बाहेर पडत नव्हतो. तुम्ही भोकरहून लांब गाडी घेऊन लातूरला आलात, सामान बांध म्हणालात, आणि अहमदपूर, लोहा करत मला तुमच्या घरी घेऊन आलात. साडेतीन-चार तासांच्या वाटेत मार्कांचा विषय काढला नाही. मी मागे बसून वाट बघत होतो, आता काढतील, आता काढतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल माझ्यापुढं टाकलंत. म्हणालात, हे इंग्रजीत हाय, तू वाच, मी हात चालवतो. मी डिक्शनरी उघडून, अडखळत, एकेक ओळ वाचली. इंजिन थोडं गरम करा. घमेलं खाली ठेवा. बोल्ट सोडा. तुम्हाला हे सगळं आधीच येत होतं, हे मला नंतर कळलं. तरी तुम्ही प्रत्येक ओळीला थांबायचात आणि पुढं काय म्हणून विचारायचात. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला पुढं काय असं विचारलं होतं आणि मला त्याचं उत्तर माहीत होतं.

मग ते वाक्य आलं, गाडी सरळ धरून काच बघा. तुम्ही हसलात.

“गाडी चोवीस तासांतले तेवीस तास कशी उभी राहती? कललेली. मग तीच तिची खरी उभारणी झाली.”

मी म्हणालो, पण चालवताना ती सरळ असते ना, दाजी.

“चालवताना काच कोण बघतंय?”

मी पुस्तकातल्या त्या ओळीवर बोट ठेवून बसलो. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलंत, मग गाडीवर चढून बसलात, ती सरळ केलीत आणि म्हणालात, चला पावणं, तुमच्या पुस्तकाचं समाधान करू, झोपा खाली. मी पोत्यावर आडवा झालो. काचेत अर्ध्यापर्यंत ऑइल दिसत होतं, मधाच्या रंगाचं, स्वच्छ. मी ओरडून सांगितलं, बरोबर आहे. तुम्ही वरून म्हणालात, बराबर तर असणारच, मी टाकलंय.

त्या वेळेपासून आपलं ते ठरून गेलं. दर वेळी मी लातूरहून यायचो, दर वेळी तुम्ही आधी स्टँडवरच बघून काच रिकामी आहे असं जाहीर करायचात, आणि दर वेळी ‘पुस्तकाच्या समाधानासाठी’ वर चढून बसायचात. जुनं जळकं ऑइल डब्यात भरून तुम्ही अण्णांसाठी गावाकडं पाठवायचात. अण्णा ते गोठ्याच्या लाकडी मेढींना आणि बाजेच्या पायांना लावतात, वाळवी लागत नाही. बाजेवर निजलं की त्याचा वास येतो. परवा गावी गेलो होतो तेव्हा मी त्या बाजेवर झोपू शकलो नाही, खाली सतरंजीवर झोपलो.

बी.एस्सी.ला प्रवेश घेतल्यावर मी थोडा बदललो, दाजी. हे मला तेव्हा दिसत नव्हतं. मला वाटायचं, मी नुसता नीट बोलायला लागलोय.

या भाऊबीजेला तुमच्या ओसरीवर पाहुणे होते. तुमचे चुलत भाऊ होते, धर्माबादचे मामा होते. ताईनं मला ओवाळलं होतं, माझ्या अंगावर नवा पांढरा शर्ट होता. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, चला पावणं, ऑइलचं बघू, शर्ट काढून ठेवा. आणि नेहमीसारखं पाहुण्यांना सांगायला लागलात की याच्या पुस्तकात काय लिहिलंय बघा, म्हणे गाडी सरळ धरा, आता निजलेल्या माणसाची उंची मोजायला त्याला उभं करायचं का? सगळे हसले. तुम्ही मला हसवायला म्हणाला होता. तुम्ही असं दर वेळीच म्हणायचात. पण त्या दिवशी मला ते लागलं. मी म्हणालो, “दाजी, तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून तुम्हाला पुस्तक खोटं वाटतं.”

एवढंच. मी आवाजही चढवला नव्हता. पण मामांनी चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. तुम्ही म्हणालात, हाव, खरं हाय, आम्ही दहावीवाले, आणि हसलात. मग आत जाऊन पाणी प्यालात. त्या दिवशी ऑइल बदललं नाही. मला बसस्टँडवर सोडताना तुम्ही इंजिनच्या आवाजाबद्दल काही विचारलं नाही. मी वाट बघितली. विचाराल असं वाटलं. बस सुटेपर्यंत तुम्ही थांबलात, हात वर केलात. मी खिडकीतून हात केला की नाही, मला आठवत नाही. केला असेल.

नंतर थंडी पडल्यावर, एका रविवारी, दुपारी तुमचा फोन आला. मी खोलीत होतो. एकटाच होतो, पार्टनर गावी गेला होता, काही काम नव्हतं. स्क्रीनवर ‘दाजी’ दिसलं. मला वाटलं, ऑइलला बोलावत असणार, आणि गेलो की मला तुमच्यासमोर पोत्यावर आडवं व्हावं लागणार, तुमच्या पायांजवळ, तुम्हाला जे बोललो ते बोलून झाल्यावर. मी फोन उचलला आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत म्हणालो, दाजी, प्रॅक्टिकल चालू आहे, मला येता येणार नाही.

तुम्ही म्हणालात, बरं बरं. कर मग.

फोन बंद झाला. दाजी, प्रॅक्टिकल नव्हतं.

त्यानंतर आपण दोनदा बोललो, दोन्ही वेळा ताईच्या फोनवर, तिच्याशी बोलताना मधेच. तुम्ही म्हणालात, काय पावणं. मी म्हणालो, बरं आहे. आणि मग नांदेडच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा तुम्ही बोलत नव्हता.

काल सकाळी तुमची पिंकी शाळेत गेली, ताई आत धुणं भिजवत होती. मी गाडीवरची चादर काढली. मला फक्त काच बघायची होती. लातूरची वाट लांबची आहे, ऑइल जास्त भरलं असेल तर धूर मारेल, सील जाईल, हे एक कारण. दुसरं कारण तुम्हाला माहीत आहे. मला बघायचं होतं की मी आलो नाही म्हणून तुम्ही चुकलात का.

एकट्यानं काच कशी बघायची? मी डावीकडं उभं राहून हँडल धरून गाडी उभी केली, तर काच पलीकडं. उजवीकडून धरून वाकायला गेलो तर गाडी माझ्यावर यायला लागली, कशीबशी परत स्टँडवर टेकवली. मोबाईल खाली विटेला टेकवून व्हिडिओ काढला. त्यात काचेवर नुसता उजेड चमकत होता. शेजारच्या कुणाला बोलावता आलं असतं. शेजारचे दोघं जण येता-जाता विचारतात, काही लागलं तर सांग. पण तुमच्या जागेवर दुसरं कुणी बसावं असं मला वाटत नव्हतं. ताईला बोलवायचं तर मनातही आलं नाही. ती लग्नापासून त्या गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसत आली, तीही हँडलकडं न बघता.

मग मला एकच मार्ग सुचला. सगळं ऑइल बाहेर काढायचं आणि मोजायचं. काच बघायला माणूस लागतो, मोजायला लागत नाही. आता लिहिताना कळतं की हा शुद्ध वेडेपणा होता, सहा-सात आठवड्यांचं चांगलं ऑइल काढून टाकणं. तुम्ही ओरडला असतात.

मी इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं. महिनाभरानं तो आवाज अंगणात झाला तेव्हा आत ताईच्या धुण्याचा आवाज थांबला. मी तिकडं बघितलं नाही. बंद केलं, घमेलं सरकवलं, पाना लावला. बोल्ट सहज सुटला. तुम्ही कधीच जास्त आवळत नव्हता, आटे जातात म्हणायचात, हाताला भरलं की थांब. तुमच्या हाताला भरलं तेवढंच ते आवळलेलं होतं. मी तो बोल्ट थोडा वेळ हातात धरून बसलो. ऑइल काळं झालं होतं पण पातळ झालं नव्हतं, बोटावर चोळलं तर चिकट लागत होतं. शेवटचं निघावं म्हणून गाडी डावीकडून धरून उभी केली आणि तशीच धरून ठेवली, थेंब पडायचे थांबेपर्यंत. हात भरून आले. फिल्टरही काढला, त्यातलंही निथळलं.

ऑइलच्या रिकाम्या बाटल्या तुम्ही फेकत नव्हता, म्हणून मोजायला अडचण आली नाही. नरसाळं लावून हळूहळू ओतलं. एक बाटली भरली. दुसरीत जेवढं यायला पाहिजे तेवढंच आलं. थोडं कमी, पण तेवढं आत चिकटून राहतंच. मी बाटली सपाट फरशीवर ठेवून पुन्हा बघितलं. बरोबर होतं, दाजी. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच. साइड स्टँडवर बघून भरलं असतं तर कितीतरी जास्त निघालं असतं.

आधी मला बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं, त्याचं कारण सांगायला संकोच वाटतो. मी नसताना तुमचं काम बरोबर झालं होतं. कुणीतरी दुसरं गाडीवर बसलं होतं. तुम्ही कुणाला बोलावलंत? आणि मी इतके दिवस, मी आलो नाही म्हणून, मी आलो नाही म्हणून, असं जे स्वतःला बोलत होतो, त्याचा तुम्हाला काही फरकच पडला नव्हता की काय. अंगणात मी त्या दोन बाटल्यांसमोर बसून राहिलो. रस्त्यावरून पेरूवाला ओरडत गेला. तुमच्याशिवाय ते अंगण किती मोठं आहे, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

ताई चहा घेऊन बाहेर आली. बाटल्या बघून म्हणाली, हे काय मोजून राहिलास?

मी म्हणालो, दाजींनी किती टाकलं होतं ते बघतोय.

“बराबरच असंल,” ती म्हणाली. “मीच बसले होते की गाडीवर.”

तिनं चहा पायरीवर ठेवला आणि पदर सावरत सांगायला लागली. भाऊबीजेनंतर तुम्ही ते मॅन्युअल रोज रात्री जेवण झाल्यावर काढून बसायचात. दुकानात कुणीतरी तुम्हाला दाखवलं होतं की मोबाईलचा कॅमेरा पानावर धरला की तो मराठीत करून दाखवतो. तुम्ही पूर्ण पुस्तक तसं वाचून काढलंत. मोबाईलची मराठी वाचून तुम्ही दोघं हसायचात. त्या वाक्यापाशी आलात तेव्हा मोबाईलनं लिहिलं, वाहन ताठ स्थितीत आणा आणि तेलाच्या खिडकीचे निरीक्षण करा.

“दोन दिवस मला तेच,” ताई म्हणाली. “पाणी मागायचं तरी, ताठ स्थितीत ये. म्हणलं, चेष्टा कामून लावली? तर म्हणाले, रविवारी तुला बसायचं हाय गाडीवर.”

ती नाही म्हणाली होती. लाज वाटत होती. मग तुम्ही गेटला आतून कडी लावलीत, पिंकीला ओसरीवर पहारा करायला बसवलंत, आणि ताईनं साडी आवरून पहिल्यांदा त्या गाडीवर दोन्हीकडं पाय टाकले. तिचे पाय जेमतेम टेकत होते, म्हणून तुम्ही दोन्ही बाजूंना एकेक वीट ठेवलीत. हे सांगताना ताई हसली. महिनाभरात मी तिला हसताना बघितलं नव्हतं. मग हसणं तिच्या तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे भरून आले, आणि तिनं कप उचलून माझ्या हातात दिला.

मी कप तसाच पायरीवर ठेवला. मी म्हणालो, ऑइल भरायचं राहिलंय. बोल्ट लावला, हाताला भरलं तिथं थांबलो. नवा फिल्टर, नवं ऑइल, तुम्ही आधीच आणून ठेवलेलं. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद केलं. आता ऑइल खाली बसेपर्यंत थांबायचं आणि मग काच बघायची. मी काही बोलायच्या आत ताईनं विटा आणल्या. गेटला कडी लावली. गाडीवर बसली, हँडल धरलं आणि स्टँडवरून गाडी सरळ केली. तिला ते जमत होतं, दाजी. तुम्ही तिला नीट शिकवलं होतं.

मी पोतं अंथरलं. थांबायला वेळ होता. ती समोर बघत होती, रस्त्याकडं, कडी लावलेल्या गेटाकडं.

मग म्हणाली, “त्या दिवशी त्यांनी काच बघितली, उठले, हात सुदिक पुसला न्हाई, तसाच तुला फोन लावला. अजून डाग हाय मोबाईलच्या कव्हरला.”

मी विचारलं, कशाला?

“तुला सांगायला. म्हणाले, पावण्याला सांगतो, तुझं पुस्तक बराबर हाय, मीच इतके दिवस खामखा भांडून राहिलो.” तिनं हँडल पुन्हा नीट धरलं. “तू कामात होतास. बरं बरं म्हणून ठेवून दिला.”

म्हणजे तुम्ही बोलावत नव्हता. ऑइल बदलून झालं होतं, काच बघून झाली होती. तुम्हाला फक्त एक वाक्य सांगायचं होतं आणि मी ते तुमच्या तोंडातून निघू दिलं नाही. त्या दुपारी मी खोलीत काय करत होतो ते मला आठवलं. काही करत नव्हतो. भिंतीला टेकून बसलो होतो.

ताईला हे मी कधीच सांगणार नव्हतो. पण ती वर, गाडीचं सगळं ओझं दोन विटांवर पेलून बसली होती, आणि मी खाली पोत्यावर, तिला माझं तोंड दिसत नव्हतं. म्हणून असेल. मी म्हणालो, “ताई, त्या दिवशी प्रॅक्टिकल नव्हतं. मी खोटं बोललो.”

मला वाटलं, आता उतरेल आणि आत जाईल.

“त्यांना माहीत होतं,” ती म्हणाली. “फोन ठेवून हसले. म्हणाले, रविवारी कोणतं कॉलेज प्रॅक्टिकल घेतंय? भाऊबीजेचं मनाला लावून घेतलंय पोरानं. घेऊ दे थोडं. पुढच्या ऑइलला येईल न्हाईतर जातो कुठं, तव्हा काच दाखवूनच सांगतो.”

दाजी, मी आलो. पुढच्या ऑइलला आलो.

तुम्हाला वाचता येत नाही असं मी चारचौघांत म्हणालो होतो, आणि तुम्ही रागवायच्या ऐवजी ते पुस्तक घेऊन बसलात. मी चार वर्षं लातूरला पुस्तकांत घालवली, पण कुणी मला असं बोललं असतं तर मी ते पुस्तक पुन्हा उघडलं नसतं. हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. माझं चुकलं, हेही सांगायचं होतं. ‘माझं चुकलं’ म्हणायला काही वेळ लागत नाही, एका फोनमध्ये झालं असतं. तुमचं वाक्य निदान ताईपाशी राहिलं होतं, तिनं ते जपून माझ्यापर्यंत आणलं. माझं वाक्य तुमच्याकडं न्यायला कुणी नाही, म्हणून हे लिहून काढलं.

मी आडवा झालो. काच पुसली. ऑइल अर्ध्यापर्यंत होतं. ते दिसायला एक क्षण पुरतो, आणि मला ते दिसलं होतं. पण मी उठलो नाही. खालून गाडीचं पोट दिसत होतं, ताईची चप्पल, विटा, आणि तिच्या साडीचा काठ, तोही हलत नव्हता. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, दिसलं का रे?

मी म्हणालो, “दिसलं. बराबर हाय, ताई. आता उतर.”

ती उतरली नाही. दोन्ही हातांनी हँडल धरून, गाडी सरळ ठेवून, तशीच बसून राहिली. मग मीही घाई केली नाही.